तिसरी चिठ्ठी

बिसेसरची पेन्सिल दोन तोंडांची होती, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. कारखान्याच्या वजनकाट्यावर पूर्वी अशा पेन्सिली डझनांनी येत. आता उरली होती ती एकच, चार बोटं लांबीची, आणि तिचीही लाल बाजू निळीपेक्षा चांगली बोटभर जास्त झिजलेली. इंदरमतीने याचा हिशेब फार पूर्वीच लावला होता. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला नऊ. दहा लिहायला दोन आकडे लागतात, नऊला एक. म्हणजे जिंकणाऱ्याचा रंग जास्त खर्च होतो. थोडक्यात, या घरात लाल कोपऱ्यात बसलेला माणूस जास्त वेळा जिंकत आला होता. आंब्याखाली ठेवलेल्या निळ्या टॉवेलच्या खुर्चीत आपण होऊन कुणी बसत नसे, ते काही उगाच नाही.

त्या रविवारी दुपारी मात्र खुर्च्या अजून आंब्याखाली गेल्या नव्हत्या. सगळं घर ओसरीत टीव्हीसमोर उभं होतं आणि टीव्हीला शिव्या देत होतं.

इलिसोनी हरला होता. लौटोकाच्या बाजारात मासे विकणाऱ्या मेरेवाईचा मुलगा ब्रिस्बेनमध्ये किताबासाठी लढला, गोऱ्या पोराला चौथ्या फेरीत पाडलं, नवव्या फेरीत पुन्हा पाडलं, आणि बाराव्या फेरीनंतर तीन पंचांपैकी दोघांनी कौल दिला तो गोऱ्याला.

"डोळे आहेत का बटाटे?" रामरूप ओरडला. इंदरचा हा मोठा भाऊ साठीला टेकलेला, गावात लोखंडी सामानाचं दुकान चालवणारा. अन्यायाची त्याला भारी चीड. "पाच गुणांनी पुढे होता आपला पोरगा! पाच!"

"भैया, तो तिसरा पंच त्याच गावचा आहे," धाकटा चंदरदीप म्हणाला. तो ऑकलंडहून आठ दिवसांसाठी आला होता, पोरं सांभाळायला दीदीने दोन-तीन महिने तिकडे यावं असं त्याच्या मनात होतं, आणि सामन्याचे पैसे त्याने भरले होते, त्यामुळे फसवणूक सर्वांत जास्त आपलीच झाली असं त्याचं मत होतं. "त्याची बायको त्या पोराच्या शाळेत शिकवते. मी वाचलंय."

"कुठे वाचलंस?"

"फोनवर."

"मग खरंच असणार."

"आणि आठव्या फेरीत घंटा झाल्यावर मारलं की नाही?" रामरूपची बायको प्रेमिला म्हणाली. "तेव्हा पंच झोपला होता का? पंचांच्या पावत्या जगाला दाखवा!"

"आई, ते आपल्या इलिसोनीने मारलं," रोनीता म्हणाली. रामरूपची ही एकुलती एक मुलगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, आणि घरात खरं तेवढंच बोलण्याची तिला वाईट खोड होती.

"मग बरोबर मारलं."

रामरूपने टीव्हीचं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि त्यात सगळ्यांचे संतापलेले चेहरे दिसू लागले. "आज मी सांगतो," तो म्हणाला. "या घरात पुन्हा बॉक्सिंग लागणार नाही. विश्वासच उडाला. विकलेला खेळ आहे हा!"

इंदर स्वयंपाकघराच्या दारात उकडलेल्या कसावाच्या कंदांच्या फोडी करत होती. तिने मनात मोजलं. बारावी वेळ. या घराने बॉक्सिंग आजवर अकरा वेळा सोडलं होतं. त्यांतला सगळ्यात लांब संन्यास सव्वीस दिवसांचा, आणि तोही वादळात डिश उडून गेली होती म्हणून. ती डिश परत बसवली वीरसामीने. त्याच्या आधीचा अँटेनाही त्यानेच बसवला होता.

वीरसामी नेहमीप्रमाणे ओसरीच्या पायरीखाली उलट्या खोक्यावर बसला होता. तो कपड्यात बांधलेली यंगोनाच्या मुळांची भुकटी लाकडी परातीतल्या पाण्यात पिळत होता, आणि ते गढूळ पाणी करवंटीने सगळ्यांना देत होता. एके काळी तो चांगला लढवय्या होता; नाकाचं हाड त्याची साक्ष देई. पुढे कारखान्यात फिटर झाला. बत्तीस वर्षं दर सामन्याला तो या घरी येत होता, आणि बत्तीस वर्षं तो पायरीखालीच बसत होता. मुलांनी त्याला काय म्हणायचं हेसुद्धा कधी ठरलं नाही. काका म्हणावं तर तो या घरचा नव्हे, आणि दुसरं एक नातं होऊ शकलं असतं, ते कुणी तोंडातून काढत नसे. शेवटी मुलं त्याला 'ओ वीर' म्हणू लागली.

शुक्रवारी तो इंदरला बाजारात भेटला होता. वांग्यांच्या ढिगापाशी उभा राहून म्हणाला, "नोकरी संपली. कारखान्याची खोली सोडायची आहे. बहीण लंबासाला बोलावते."

"कधी?"

"गुरुवारची बोट."

लंबासा म्हणजे समुद्रापलीकडचं दुसरं बेट. "डबा देईन," इंदर म्हणाली. मग दोघांनी वांगी निवडली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

"असं नुसतं बोलून चालणार नाही," चंदरदीप म्हणाला. "रीतसर बैठक घ्या. नाहीतर भैया पुढच्या रविवारी पुन्हा टीव्ही लावेल."

"घ्या! आत्ता घ्या! खुर्च्या काढा!"

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बिसेसर इतका वेळ डोळे मिटून होता. त्याने ते उघडले. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा, या तिन्ही भावंडांचा बाप आणि रोनीताचा आजा. त्याला ऐकू कमी यायचं, पण 'खुर्च्या' हा शब्द बरोबर ऐकू यायचा. त्याने खिशातून पेन्सिल काढली.

ही रीत त्याचीच. चाळीस वर्षं तो कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलत होता आणि शनिवारी सामन्यांना पंच म्हणून बसत होता. काट्यावर त्याने कधी कुणाचा काटा मारला नाही आणि सामन्यात कुणाचा गुण मारला नाही, असं सगळं गाव म्हणे. मग घरातली भांडणंही त्याने त्याच मापाने तोलायला घेतली. आंब्याखाली दोन खुर्च्या, एकीवर लाल टॉवेल, एकीवर निळा. कोण कुठे बसणार ते नाण्याने ठरे. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, भांडणाऱ्यांनी बोलायचं, तीन पंचांनी जुन्या काटापावत्यांच्या पाठीवर गुण लिहायचे. आंब्याला टांगलेल्या आगगाडीच्या रुळाच्या तुकड्यावर पाना मारला की फेरी संपली. भावाशी बैलावरून वाद झाला तो असा मिटला. प्रेमिला या घरात आली ती तीस-सत्तावीसने. रोनीताचं नाव ठरलं एकोणतीस-अठ्ठावीसने, नाहीतर ती राधिका झाली असती.

"पंच कोण?" रोनीता फोनवर घड्याळ लावत म्हणाली.

"आजा, तुझी आई आणि मी," चंदरदीप म्हणाला.

"आणि इंदर फुआ?"

"दीदी चहाचं बघेल."

इंदरने चहाचं बघितलं. गवती चहाची पानं तिने पाण्यात टाकली आणि खिडकीशी उभी राहिली. तिथून आंबा नीट दिसे.

अडचण एकच निघाली. बॉक्सिंग बंद करा म्हणणारे सगळेच, पण बॉक्सिंगच्या बाजूने बोलणार कोण? नाणं उडालं, रामरूपला लाल खुर्ची मिळाली, निळी रिकामी राहिली.

"वीर बसेल," रामरूप म्हणाला. "तोच लढलाय कधीतरी. ए वीर, ये वर."

वीरसामीने हात पुसले. बत्तीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच या अंगणात खुर्ची मिळत होती. तो उठला आणि निळ्या टॉवेलवर अगदी कडेला बसला, जणू ती दुसऱ्या कुणासाठी राखलेली होती.

रोनीताने पाना मारला.

पहिली फेरी रामरूपची होती. पंच विकले जातात, खेळ विकला जातो, इलिसोनीच्या आईने आता बाजारात तोंड कसं दाखवायचं, आणि ज्या घरात न्यायाची चाड आहे त्या घराने असल्या चोरांचं तोंड तरी का बघावं? "मी अन्याय बघू शकत नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "रक्तातच नाही माझ्या."

"वा!" प्रेमिला म्हणाली. पंचाने बोलायचं नसतं याची तिला आठवण करून द्यावी लागली.

दुसरी फेरी. वीरसामीने आधी गुडघ्यांवर हात ठेवले. रोनीताने फोनकडे बघितलं.

"नव्वद साली 'बा' गावात मी जिंकलेली लढत मला हरवली," तो अखेर म्हणाला. "बाबूजींना माहीत आहे."

"अठ्ठावन्न-छप्पन तू पुढे होतास," बिसेसर लगेच म्हणाला. लढतीचा आकडा तो कधी विसरत नसे.

"चिडलो मी. दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तालमीत गेलो. दुसरं काय करणार? निकाल खोटा लागला तर माणूस चिडतो, रडतो आणि पुन्हा लढायला उभा राहतो." त्याने टॉवेलचा कोपरा बोटांत धरला. "निकालच लागला नाही तर काय करायचं, ते मला कुठल्या उस्तादाने शिकवलं नाही."

 प्रेमिलाने पदर सारखा केला. चंदरदीपने आपला फोन उलटा ठेवला. वेळ अजून दोन मिनिटं शिल्लक होती, पण वीरसामी उठून परत खोक्यावर जाऊन बसला.

"तिसरी फेरी नको," रामरूप घाईने म्हणाला. "चिठ्ठ्या लिहा. रोनीता, पावत्यांचा डबा आण."

रोनीता आत गेली आणि आजोबांच्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. गुलाबी काटापावत्यांचा जुना गठ्ठा तिने बाहेर ओढला, तशी त्यातून एक पावती खाली पडली. तीन घड्या घातलेली. घड्यांच्या रेघांवर कागद पांढरा पडला होता.

"आजा, ही तर आधीच लिहिलेली आहे."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. पण त्या हाताला पोचायला वेळ लागला, आणि रोनीताने तोवर घडी उलगडली होती. वाचायचं ते मोठ्याने वाचायचं, हेही तिला याच घराने शिकवलेलं.

"सात जून एकोणीसशे ब्याण्णव. इंदरमती विरुद्ध रामरूप." ती थांबली. "विषय, वीरसामीशी लग्न."

खिडकीशी उभ्या इंदरच्या चहाला उकळी आली. तिने चूल बंद केली आणि ती बाहेर आली.

त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. वीरसामी मद्रासी, त्यात बॉक्सर. पूर्वज उत्तर भारतातून आलेल्या आपल्या घरात मद्रासी जावई? रामरूपने विरोध मांडला. त्याचं सत्तावीस वर्षांचं वय, आणि गावात काय म्हणतील याची त्याला तेव्हाही चाड होती. तेवीस वर्षांची इंदर स्वतःच्या बाजूने स्वतःच बोलली. आईची चिठ्ठी निघाली ती इंदरच्या बाजूने, मोठ्या काकाची विरोधात. उरली बिसेसरची तिसरी. त्याने ती वाचलीच नाही. तीन घड्या घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "माझा निकाल राखून ठेवला. गाळप सुरू होतंय. हंगाम संपला की बघू."

त्यानंतर बत्तीस हंगाम संपले. आई गेली, काका गेला. इंदरने दोनदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "घाईने दिलेला निकाल खोटा असतो." तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. दरम्यान चंदरदीपने ऑकलंडला लग्न केलं, तेही मद्रासी मुलीशीच, आणि त्यासाठी कुणी खुर्च्या काढल्या नाहीत.

"पुढे वाच," चंदरदीप म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"लाल, दहा, नऊ, दहा. निळा, नऊ, दहा, नऊ. लाल एकोणतीस, निळा अठ्ठावीस." रोनीताने पावती उलटसुलट केली. "पण लाल कोण? ते लिहिलेलंच नाही."

खरंच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कधी पडतच नसे. चिठ्ठी त्याच घटकेला वाचली जायची, आणि लाल कोण ते सगळ्यांसमोर बसलेलं असायचं.

"मी लाल होतो," रामरूप म्हणाला. मग त्याने घसा खाकरला. "बहुतेक."

"तू निळा होतास, भैया," चंदरदीप सवयीने म्हणाला. "मला आठवतंय. निळ्या टॉवेलने तू घाम पुसत होतास."

"तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास. आंब्यावर बसला होतास."

"वरून जास्त चांगलं दिसतं."

"म्हणजे दीदी लाल. म्हणजे दीदी जिंकली," प्रेमिला सावकाश म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता दिराकडे बघत पुढे म्हणाली, "म्हणजे तुमच्या पोरांना सांभाळायला ऑकलंडला कोण येणार?"

चंदरदीपचा चेहरा पडला. "तसं… वरून रंग नीट कळत नाहीत म्हणा. पानं असतात मध्ये."

"आता या वयात काय करायचंय ते लाल आणि निळं," प्रेमिला म्हणाली. स्वयंपाकघर इंदरच्या हातात होतं, आणि ते तसंच राहावं यात तिला कसलाही अन्याय दिसत नव्हता. "जुन्या गोष्टी. फाडून टाका ती पावती."

"फाडून टाका?" रोनीता म्हणाली. "आई, आत्ता तासाभरापूर्वी कोण ओरडत होतं, पंचांच्या पावत्या जगाला दाखवा म्हणून?"

"ते ब्रिस्बेनचं वेगळं."

रामरूप लाल खुर्चीतून उठून पुढे आला. तो पावतीकडे बघत होता. अन्यायाची चीड ज्याच्या रक्तात नाही मावत, त्या माणसाला आपल्या दुकानाच्या खतावणीतल्या उधारीसारखी आज ही पावती स्वतःच्या नावावर दिसत होती, आणि ती आपल्या बाजूची आहे की विरुद्ध, हेही त्याला ठरवता येत नव्हतं.

इंदरला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी बघितलं ते आरामखुर्चीतून उठवून आंब्याखाली आणलेल्या म्हाताऱ्याकडे.

"बाबूजी," रामरूप म्हणाला, "तुम्ही सांगा. लाल कोण होतं?"

बिसेसर पेन्सिलीच्या निळ्या टोकावरून अंगठा फिरवत होता. नव्वद सालची 'बा'ची लढत त्याला फेरीगणिक पाठ होती. रोनीताच्या नावाचे गुण पाठ होते. तो वर न बघता म्हणाला, "इंदर. इंदर लाल होती."

पायरीखाली वीरसामीचे हात पाण्यात तसेच राहिले.

"मग झालं!" रोनीताने टाळी वाजवली. "फुआ जिंकली!"

"बाबूजींनी सांगितलं म्हणजे तेच," चंदरदीप पडत्या आवाजात म्हणाला. रामरूपने मान खाली घातली, पण त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. हरलेला भाऊ होणं सोपं होतं. कुणी त्याला दोष देणार नव्हतं.

इंदर बापाकडे बघत राहिली. तिला तो टॉवेल आठवत होता. नवा कोरा, त्याच सकाळी आणलेला. खुर्चीच्या हातांवर टाकला होता आणि जूनमध्येसुद्धा तिच्या कोपरांना घाम फुटला होता. संध्याकाळी बघितलं तर दोन्ही हातांना, मनगटापासून कोपरापर्यंत, टॉवेलचा रंग लागला होता. तीन दिवस साबणाने घासला तेव्हा कुठे निघाला. निळा.

आणि हेही तिला आठवत होतं की म्हातारा आकडे विसरत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी त्याने तिच्या विरुद्ध लिहिलं, आणि लिहिलेलं वाचायचा धीर त्याला झाला नाही. आज वाचलं गेलं, तेव्हा त्याने ते उलटं तोललं.

"बाबूजी," ती म्हणाली. बाहेर येताना तिने ओट्यावरचा कसावा कापायचा चाकू नकळत हातात घेतला होता. तो तिने लाल टॉवेलवर ठेवला. "जन्मात पहिल्यांदा काटा मारलात."

म्हाताऱ्याच्या अंगठ्याखालची पेन्सिल थांबली.

"मी निळ्यात होते. भैया लाल होता. एका गुणाने हरले मी."

"अगं पण ते स्वतः लाल म्हणतायत ना!" रामरूप म्हणाला. "घे की! पंचांचा निकाल आहे!"

"हो दीदी, घेऊन टाक," चंदरदीपही म्हणाला. "आता कोण बघतंय?"

थोड्या वेळापूर्वी खोट्या निकालासाठी टीव्ही फोडायला निघालेली माणसं आता तिला एक खोटा निकाल पदरात घेण्यासाठी विनवत होती. इंदरला हसू आलं. ते हसू तिने लपवलंही नाही.

"कुठल्या फेरीत हरले, बाबूजी?"

बिसेसरने पेन्सिल मांडीवर ठेवली. "तिसऱ्या," तो म्हणाला. आवाज फार बारीक होता. "तिसऱ्या फेरीत तू रडलीस. बोलली नाहीस. मी… नऊ लिहिलं. लिहिल्यावर तुझ्याकडे बघितलं. मग वाचता येईना."

"बरोबर लिहिलं होतंत," इंदर म्हणाली. "बोलले नव्हते मी."

ती रुळाच्या तुकड्याकडे गेली. रोनीताच्या हातातला पाना तिने घेतला आणि मारला, एकदाच, पण असा की शेजारच्या उसातून मैनांचा थवा उडाला. पायरीखाली वीरसामी उभा राहिला होता. त्याच्या हातांतून पाणी टपकत होतं.

"ही तिसरी फेरी समजा," इंदर म्हणाली. "गुरुवारच्या बोटीने मी लंबासाला चालले आहे, वीरसामीबरोबर. कायमची. आणि यावर चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत."